शून्य कुठून मोजायचं?

मुलांनो, तुमच्या वर्गात उशिरा येणाऱ्यांची वही आहे का? माझ्या वर्गात होती. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी. दर शनिवारी सकाळची शाळा असते ना, त्या दिवशी साडेसातची घंटा झाली की मी ती वही उघडून टेबलावर ठेवायची. जो घंटेनंतर येईल त्याच्या नावापुढे तारीख आणि किती मिनिटं उशीर झाला तो आकडा लिहायचा. महिनाअखेर बेरीज. बेरीज जास्त आली की सगळ्यांसमोर बोलणी!

'होती' असं म्हणाले, कारण ती वही आता नाही. ती का नाही, हीच आजची गोष्ट. पण गोष्ट शाळेत सुरू होत नाही. ती सुरू होते आमच्या घरी, दिवाळीच्या सुट्टीत. आणि तिच्यात माझा धाकटा भाऊ आहे, एक हिरवी पट्टी आहे आणि एक स्टॉपवॉच आहे.

माझा भाऊ पुण्याला एका लहानशा कारखान्यात काम करतो. तिथे डेअरीला लागणारी यंत्रं बनवतात. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गाय-म्हैस आहे त्यांनी डेअरीतलं यंत्र पाहिलं असेल. किटली काट्यावर ठेवली की वजन दिसतं, दुधाची फॅट दिसते आणि पावती फाडून हातात मिळते. त्या यंत्राच्या पोटात एक छोटासा संगणक असतो. त्याला कीबोर्ड नाही, माऊस नाही. तळहाताएवढी एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर काळ्या चिप्स. धुण्याच्या मशीनमध्ये, टीव्हीच्या डब्यात, तिकिटाच्या यंत्रात असेच छोटे संगणक लपलेले असतात.

दिवाळीला घरी आला तो फराळ बाजूला ठेवून ती पट्टी टेबलावर मांडून बसला. आई म्हणाली, "अरे, सुट्टीला आलास ना?"

"आई, आपल्याकडे पहाटे लाईट जाते की नाही? लाईट आली की यंत्र पुन्हा पहिल्यापासून जागं होतं. तोवर माणसं किटल्या घेऊन ताटकळतात. ते जागं व्हायला लागणारा वेळ मला कमी करायचाय. कमी करायचा तर आधी मोजायला नको?"

मोजायचं म्हटल्यावर माझे कान टवकारले. केंद्राच्या क्रीडा स्पर्धांत धावण्याच्या शर्यतींचं घड्याळ माझ्याकडेच असतं. सुट्टीतही ते स्टॉपवॉच माझ्या पर्समध्ये होतं. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

"यंत्र जागं होतं म्हणजे नेमकं काय होतं रे?"

त्याने छान समजावून सांगितलं, ते माझ्या शब्दांत सांगते. सकाळी आपली शाळा कशी भरते? आधी कोणीतरी किल्ली घेऊन येतं, कुलूप उघडतं, खिडक्या उघडतं, फळा पुसतं. मग मुलं येतात, मग परिपाठ, मग अभ्यास. शाळेचं खरं काम शिकवणं. पण किल्लीवाला माणूस आला नाही तर शिकवणार कुठे? संगणकातही असाच एक किल्लीवाला छोटा प्रोग्राम असतो. वीज आली की तो एकेक भाग जागा करतो: ही मेमरी, हा पडदा, हे मेमरी कार्ड. सगळं जागेवर आलं की मोठ्या प्रोग्रामला म्हणतो, "या आता, तुमचं काम सुरू करा." त्याचं नाव बूटलोडर.

बूट म्हणजे पायातलाच बूट बरं का! बुटाला मागे ओढायला एक पट्टी असते. ती पट्टी ओढून माणसाने स्वतःच स्वतःला उचललं तर? अशक्य ना? पण संगणकाला नेमकं तेच करावं लागतं. झोपलेल्या संगणकाला उठवायला दुसरं कोणी नाही, त्याने स्वतःच स्वतःला उठवायचं. म्हणून इंग्रजीत त्या बुटाच्या पट्टीवरूनच हे नाव पडलं.

भावाच्या पट्टीवरच्या बूटलोडरचं नाव होतं 'यू-बूट'. वोल्फगांग डेंक नावाच्या जर्मन गृहस्थांनी 2000 साली 'पीपीसीबूट' या नावाने हे काम पुढे आणलं. 2002 साली त्याचं 'यू-बूट' झालं. गंमत म्हणजे जर्मन भाषेत 'यू-बूट' म्हणजे पाणबुडी! हा प्रोग्राम कोणीही फुकट घ्यावा, वाचावा, बदलावा, असा खुला ठेवलेला आहे. डेंक 2022 साली वारले, पण त्यांची पाणबुडी अजून जगभरच्या छोट्या यंत्रांमधून फिरते आहे. आमच्या टेबलावरही आली होती!

आता मोजणीकडे येऊ. यू-बूटमध्ये एक सोय आहे. काम करता करता तो आपल्यापाशी नोंदी ठेवतो: 'इथे पोचलो, इतके वाजले. इथे पोचलो, इतके वाजले.' शेवटी एक हुकूम दिला की सगळ्या नोंदींचा तक्ता पडद्यावर येतो. वेळ मायक्रोसेकंदांत असते. एका सेकंदात 10 लाख मायक्रोसेकंद! भावाने सोयीसाठी असं केलं होतं की बूटलोडरचं काम संपलं की पट्टीवरचा एक हिरवा दिवा लागेल.

तक्त्यात शेवटची नोंद होती 48 लाख, म्हणजे 4.8 सेकंद. भाऊ खुशीत होता. "साहेबांना कालच फोनवर सांगितलं, पाच सेकंदांच्या आत आहे म्हणून."

मी आपली बाईच्या सवयीने तक्ता वरून खाली वाचू लागले. आणि वरच अडखळले.

"अरे, इथे पहिल्या नोंदीला शून्य. दुसरीला शून्य. तिसरीलाही शून्य. तीन कामं एका क्षणात झाली का?"

त्याने चष्मा सावरला. तक्त्याकडे बघत राहिला. मग कपाळावर हात मारून घेतला.

"ताई, घड्याळच चालू नव्हतं!"

मला आमची शर्यत आठवली. एका वर्षी शिट्टी झाली, मुलं धावत सुटली आणि मी स्टॉपवॉचचं बटण दाबायलाच विसरले. मुलं अर्ध्या वाटेवर गेल्यावर दाबलं. त्या दिवशी आमच्या तिसरीच्या मुलींनी जणू जगातला विक्रमच मोडला! पुन्हा पळवावं लागलं त्यांना बिचाऱ्यांना.

तसंच झालं होतं. पट्टीवर एक स्फटिक असतो. वीज मिळाली की तो ठरलेल्या गतीने थरथरतो. भावाच्या पट्टीवरचा स्फटिक सेकंदाला 2 कोटी 40 लाख वेळा थरथरत होता. टायमर नावाचा भाग ती थरथर मोजतो. मोजलेल्या आकड्याला 24 ने भागलं की झाले मायक्रोसेकंद! पण टायमरला कोणीतरी 'मोजायला लाग' असं सांगावं लागतं. भावाच्या प्रोग्राममध्ये कामांची यादी होती, एकाखाली एक, आपल्या वेळापत्रकासारखी. त्या यादीत नोंदी घेण्याचं काम वर होतं आणि टायमर चालू करण्याचं काम बरंच खाली. त्यामुळे सुरुवातीच्या नोंदी घेताना प्रत्येक वेळी बंद घड्याळाकडे बघून शून्य लिहिलं जात होतं. खरं तर तेवढ्यात बरीच कामं होऊन गेली होती.

"मग सोपं आहे की," मी म्हटलं. "टायमरची ओळ उचल आणि सगळ्यात वर ठेव."

तो हसला. "तिथेच तर मेख आहे. टायमर हासुद्धा पट्टीवरचा एक भाग. पट्टीवर कुठे काय बसवलंय, याची एक मोठी यादी असते. ती वाचून एकेक भाग शोधावा लागतो. त्या शोधात टायमर सापडतो. आणि मला तर तो शोध घ्यायला किती वेळ लागतो, तेच मोजायचंय!"

म्हणजे घड्याळ मिळाल्याशिवाय शोध मोजता येत नाही आणि शोध संपल्याशिवाय घड्याळ मिळत नाही. कोंबडी आधी की अंडं आधी! घड्याळ कपाटात, कपाटाची किल्ली हरवलेली, आणि किल्ली शोधायला किती वेळ लागतो तेच त्या घड्याळाने मोजायचं म्हणतोय!

मी जरा विचार केला. कपाटातलं घड्याळ मिळेपर्यंत आपण काय करू? भिंतीवरच्या घड्याळात बघू! ते शोधावं लागत नाही, नजर टाकली की दिसतं. मी तसं म्हटलं तर तो म्हणाला, "अगदी तसंच करतात." यादी न वाचता, कोणाला न विचारता, ठरलेल्या जागी जाऊन सरळ आकडा वाचायचा, असं साधं 'आधीचं घड्याळ' वापरायची सोय यू-बूटमध्ये आहे. भावाने ती वापरलीच नव्हती.

आणखी एक गोष्ट होती. नोंद करायची तर लिहायला जागा हवी. पण यंत्र नुकतंच जागं होत असताना त्याची मोठी मेमरी अजून तयारच नसते. असते फक्त प्रोसेसरच्या आतली चिमूटभर जागा. म्हणून पहिल्या नोंदी तिथे करायच्या. जशी आपण पाटीवर करतो. मोठी मेमरी तयार झाली की सगळ्या नोंदी तिथे उतरवून घ्यायच्या. पाटीवरचं वहीत! पाटी पुसली जायच्या आत वहीत उतरवलं नाही तर काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मग आम्ही दोघांनी बसून क्रम कागदावर लिहिला. मी लिहिलं, तो सांगत होता:

1. पाटी हातात घ्यायची. (आतली छोटी मेमरी)
2. भिंतीवरच्या घड्याळात बघायचं. (आधीचा टायमर)
3. नोंदी सुरू करायच्या.
4. पट्टीवरच्या भागांची यादी वाचायची, एकेक भाग शोधायचा.
5. मोठी मेमरी जागी करायची.
6. पाटीवरचं वहीत उतरवायचं.
7. बाकीची सगळी कामं.

बघा, यात नवीन काही नाही. तीच कामं, क्रम तेवढा वेगळा. भावाने प्रोग्राममध्ये तशा ओळी हलवल्या, पट्टी बंद केली, पुन्हा चालू केली. मी डोळे तक्त्यावर लावून बसले होते. या वेळी पहिल्या नोंदींपुढे खरे आकडे आले. शेवटची नोंद होती 62 लाख. 6.2 सेकंद!

"अरे, हे तर वाढलं!" आई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली. "तुम्ही दुरुस्त करताय की बिघडवताय?"

तेव्हा भाऊ जे म्हणाला ते मला फार आवडलं. "आई, यंत्र हळू झालेलं नाही. ते आधीही एवढाच वेळ घेत होतं. आपल्याला दिसत नव्हतं."

न दिसणाऱ्या त्या 1.4 सेकंदांत काय चाललं होतं, तेही आता कळलं. त्यातला पूर्ण एक सेकंद एका जुन्या ओळीत जात होता. जुन्या पडद्याला तयार व्हायला वेळ लागायचा, म्हणून कोणे एके काळी तिथे नुसते आकडे मोजत थांबण्याची ओळ घातली होती. पडदा बदलून दोन वर्षं झाली, ओळ तशीच! कोणाला दिसली नाही, कारण ती ओळ घड्याळ सुरू व्हायच्या आधी होती. भावाने ती लगेच काढली नाही. आधी मोजणी पक्की, मग दुरुस्ती, म्हणाला.

माझ्या हातात स्टॉपवॉच होतंच. मी म्हटलं, "आता मीही मोजते. तू बटण दाब, मी हिरव्या दिव्यापर्यंत धरते." हाताने मोजलं की थोडा फरक पडतोच. डोळ्यांनी बघून बोट दाबेपर्यंतच पाव सेकंद जाऊ शकतो. म्हणून दहा वेळा मोजलं आणि सरासरी काढली.

सरासरी आली 9.1.

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. तक्ता म्हणतो 6.2, माझं घड्याळ म्हणतं 9.1. पाव सेकंदाचा फरक समजू शकतो. जवळजवळ तीन सेकंद कुठे गेले?

भावाने तक्त्याच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. यू-बूटच्या तक्त्यात पहिली ओळ नेहमी एकच असते. तिच्यात लिहिलेलं असतं 'रीसेट', आणि वेळ शून्य. रीसेट म्हणजे यंत्र सुरू झालं तो क्षण.

"ताई, ही ओळ मोजलेली नाही," तो हळूच म्हणाला. "नुसती लिहिलेली आहे. तक्ता छापताना प्रोग्राम स्वतःच ती वर घालतो. इथून सुरुवात झाली असं धरून चाला, एवढाच तिचा अर्थ."

बटण दाबल्यापासून घड्याळ सुरू होईपर्यंत जे झालं, ते तक्त्यात कुठेच नव्हतं. आणि तेव्हा खूप काही होत असतं. बूटलोडर तरी आपोआप कसा येणार? प्रोसेसरच्या आत, कारखान्यातच कायमचा कोरलेला एक इवलासा प्रोग्राम असतो. वीज आली की तो बूटलोडर शोधायला निघतो. आधी या दारी, मग त्या दारी. कुठल्या दारी आधी जायचं, ते पट्टीवरच्या काही जोडण्यांवरून ठरतं. भावाच्या पट्टीवर जोडणी अशी होती की तो आधी एका रिकाम्या दाराशी उभा राहून वाट बघायचा, मग कंटाळून मेमरी कार्डाकडे यायचा. तीन सेकंद तिथे जात होते!

दुसऱ्या दिवशी त्याने जोडणी बदलली आणि ती जुनी ओळही काढली. पुन्हा दहा वेळा मोजलं. माझं घड्याळ 5.3, तक्ता 5.2. आता दोघांचं पटलं! त्याने साहेबांना फोन लावला. मला वाटलं, 'पाच सेकंद म्हणालो होतो, जवळपास तेवढेच झाले,' असं म्हणून मोकळा होईल. तो म्हणाला, "सर, परवा मी चुकीचं सांगितलं. तेव्हा ते नऊ सेकंद होतं. चूक माझ्या मोजण्यात होती. आता खरोखर सव्वापाच आहे." धाकटा असला तरी मला त्याचा अभिमान वाटला.

इथवर गोष्ट यंत्राची. आता माझी.

भाऊबीज झाली आणि भाऊ म्हणाला, "ताई, उद्या सकाळी डेअरीवर येतेस? तिथलं जुनं यंत्र लाईट गेल्यावर काय करतं ते बघायचंय." गावातल्या डेअरीच्या सचिवांना विचारून ठेवलं होतं. पहाटे सहाला आम्ही निघालो. थंडी मी म्हणत होती. डेअरीसमोर पंधरा-वीस माणसांची रांग. आणि रांगेत, दोन मोठ्या माणसांच्या मध्ये, डोक्याला मफलर गुंडाळलेला, हातात स्वतःच्या गुडघ्याहून उंच किटली घेतलेला एक मुलगा.

माझ्या चौथीच्या वर्गातला! त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या निळ्या वहीत मात्र ते सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं होतं.

मला बघून तो किटलीच्या मागे लपायला लागला.

"अरे, तू इथे?"

"दूध घालायला आलोय, बाई."

"रोज तूच येतोस?"

"हो. बाबा ट्रकवर असतात ना. आई धारा काढते, मी इकडे येतो."

"किती वाजता उठतोस?"

"साडेचारला. आधी शेण काढायचं असतं."

तेवढ्यात लाईट गेली. रांगेतून 'हंऽऽ' असा आवाज आला. पाच मिनिटांनी लाईट आली, यंत्र जागं झालं, वजन पुन्हा पहिल्यापासून. भाऊ वहीत टिपून घेत होता. माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. मी मनातल्या मनात हिशेब करत होते. त्याचा नंबर लागायला सात वाजणार. तिथून त्याची वस्ती दोन किलोमीटर. किटली घरी ठेवायची, तोंड धुवायचं, दप्तर घ्यायचं, पुन्हा शाळेची वाट धरायची. इतर दिवशी शाळा साडेदहाला, म्हणून तो वेळेवर. शनिवारी साडेसातला, म्हणून उशीर. दर शनिवारी. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं, अर्धा तास...

माझ्या वहीतला प्रत्येक आकडा बरोबर होता. घड्याळही बरोबर होतं. पण पहिली ओळ मी मोजली नव्हती, नुसती लिहिली होती. 'साडेसात, घंटा, शून्य.' त्या शून्याच्या आधी त्या मुलाचे तीन तास होऊन गेलेले असायचे. शेण, धारा, रांग, किटली. त्यातलं एक मिनिटही माझ्या तक्त्यात नव्हतं. आणि त्या अर्ध्या तक्त्यावरून मी चाळीस मुलांसमोर त्याला 'आळशी' म्हणाले होते. दोनदा.

एकदा तरी विचारलं होतं का मी, उशीर का होतो म्हणून? विचारलं होतं. पण 'का रे उशीर?' हे मी रागाने विचारलं होतं, आणि रागाने विचारलेल्या प्रश्नाला मुलं उत्तर देत नाहीत, मान खाली घालतात.

त्याचा नंबर आला. किटली काट्यावर चढवताना भावाने हात लावला. पावती घेऊन तो निघाला तेव्हा मी त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत गेले. काय बोलावं सुचेना. शेवटी म्हटलं, "मी तुला आळशी म्हणाले होते. ते चुकलं माझं."

तो काही बोलला नाही. थोडं पुढे जाऊन वळला आणि म्हणाला, "बाई, सुट्टीचा अभ्यास झालाय माझा. फक्त निबंध राहिलाय."

सुट्टी संपली. पहिल्याच दिवशी मी आमच्या मोठ्या बाईंशी बोलले. शाळेची वेळ काही मला बदलता येणार नव्हती. सगळ्यांना साडेसात, तर साडेसातच. डेअरीचीही वेळ बदलता येत नव्हती. गाय काही घंटा बघून दूध देत नाही! मग बदलता काय येईल? क्रम!

शनिवारी आमचं वेळापत्रक असं होतं: हजेरी, परिपाठ, वाचन, गणित, मग कवायत आणि गोष्टी. म्हणजे उशिरा येणाऱ्याचं दर शनिवारी वाचन बुडायचं, आणि मग मीच म्हणायची की हा वाचनात कच्चा आहे! मोठ्या बाई म्हणाल्या, "कवायत आधी घे ना मग. थंडीत अंगही गरम होईल मुलांचं." आम्ही ओळी हलवल्या. परिपाठ, कवायत, गोष्टी, मग हजेरी, मग वाचन, गणित. तीच कामं, तेवढाच वेळ. फक्त आधीचं नंतर, नंतरचं आधी.

निळी वही मी कोरी पानं फाडून घेतली आणि बाकीची रद्दीत दिली. कोऱ्या पानांवर मुलांना एक काम दिलं. तेच तुम्हालाही देते.

उद्या सकाळचा तुमचा तक्ता तयार करा. डावीकडे वेळ, उजवीकडे काम. अंथरुणातून उठल्यापासून दप्तर पाठीला लावेपर्यंत. दात, अंघोळ, दूध, केस विंचरणं, हरवलेला मोजा शोधणं, सगळं लिहा. मोजा शोधायला चार मिनिटं लागत असतील तर प्रामाणिकपणे चार लिहा. नंतर दुसऱ्या रंगाच्या पेनाने, तुम्ही उठायच्या आधी घरात काय काय झालं, ते घरच्यांना विचारून वरती लिहा. पाणी कोणी भरलं? डबा करायला कोण किती वाजता उठलं? तुमच्या तक्त्यातला पहिला आकडा शून्य असला, तरी घरातल्या कोणाचं तरी घड्याळ त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं.

आणि आई-बाबांनो, तुम्हीही एक करून बघा. 'हा अभ्यासाला बसायला किती वेळ लावतो!' असं म्हणण्याआधी तुमचं घड्याळ कधी सुरू झालं आणि त्याचं कधी, एवढं बघा. मला ते यंत्राने शिकवलं. तुम्हाला त्यासाठी हिरवी पट्टी आणायची गरज नाही.

माझ्या वर्गातली मुलं तक्ते घेऊन आली तेव्हा एका मुलीने लिहिलं होतं, 'मी उठायच्या आधी आजीने माझी वेणी घालून ठेवली.' झोपेतच! असे बरेच तक्ते आले. भिंतीवर लावलेत.

भाऊ पुण्याला परत गेला. त्याने बदललेल्या ओळी आता खऱ्या यंत्रांमध्ये घालून तपासताहेत. आपल्या डेअरीत नवं यंत्र येईल तेव्हा येईल. रांग काही एकदम कमी व्हायची नाही, हे मलाही माहीत आहे.

गेल्या शनिवारी कवायत संपून गोष्टी चालल्या होत्या. दारात तो उभा राहिला. कपाळावर घाम, केस ओले, शर्टाची गुंडी एक खाली एक वर. मी वर बघितलं. त्याने जरा भीतभीतच विचारलं,

"बाई, हजेरी झाली?"

"नाही रे," मी म्हटलं, "अजून सुरूच व्हायची आहे. ये, बस."